मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये कोलॉइडल सिल्व्हर टाकतेय, आता टर्बो गोगलगायी काचेवरून पडायला लागल्यात

खारंपाणी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी.

टँक ३ × १.५ × १.५ फूट, रॉक आणि वाळू वजा जाता पाणी १७० लिटर धरा. दीड वर्षापासून चालू आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं यंत्र) १.०२५, तापमान २७. मासे चार: क्लाउनची जोडी, एक फायरफिश आणि एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल. शिवाय एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि सहा टर्बो, म्हणजे काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. कोरल ठेवलेले नाहीत.

डॅमसेल नवीन आहे, दोन आठवड्यांपूर्वी आणला. क्वारंटाइन केला नाही, सरळ टँकमध्ये सोडला. आठवड्याभरात मोठ्या क्लाउनच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके दिसले. शेपटीची कडाही फाटून पांढुरकी झालीय. दोन दिवसांनी फायरफिशच्या परावरही दोन ठिपके आले.

ज्या दुकानातून मासे घेते तिथे व्हिडिओ दाखवला. त्यांनी कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे सूक्ष्म चांदी मिसळलेल्या पाण्याची बाटली दिली, ५० पीपीएम. म्हणाले, रोज २० मिली, दहा दिवस. रीफ सेफ आहे (कोरल, गोगलगायींना अपाय नाही), जिवाणू, बुरशी, इच (पांढऱ्या ठिपक्यांचा आजार), सगळं जातं आणि केमिकल नाही, चांदी आहे. मला ते पटलं, कारण आमच्या घरात चांदी म्हणजे शुद्ध. मुलाचं उष्टावण चांदीच्या वाटीत झालं आणि सासूबाई अजूनही पिण्याच्या पाण्याच्या पिंपात चांदीचं नाणं टाकतात.

काल पाचवा डोस झाला, म्हणजे एकूण १०० मिली गेलंय. तिसऱ्या दिवशी क्लाउनच्या अंगावरचे ठिपके खरंच निम्म्याने कमी झाले. काचही इतकी स्वच्छ आहे की तीन दिवसांत काच घासायचा मॅग्नेट फिरवावा लागला नाही. पण काल रात्री दोन टर्बो वाळूत उताणे पडलेले होते. सरळ करून काचेला लावले, दहा मिनिटांत परत खाली. आज सकाळी आणखी एक पडला. श्रिम्प दगडामागे जाऊन बसलाय, एरवी माझा हात पाण्यात गेला की नखं साफ करायला येतो. अमोनिया ०.५ आलाय. सायकल झाल्यापासून (टँकमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू वाढल्यापासून) तो कायम शून्य होता.

उरलेले पाच डोस पूर्ण करू की थांबू? मासे बरे होतायत आणि गोगलगायी मरतायत, असं कसं होतंय? मुलगा अकरा वर्षांचा आहे. रोज शाळेतून आला की आधी टर्बो मोजतो. त्याला काय सांगू हेही कळत नाही.

बागायतदार_तासगाव

ताई, चांदीचा अनुभव नाही, तांब्याचा आहे. माझ्याकडे दोन फुटी मरीन टँक आहे, त्यात नुसते डॅमसेल. मागच्या वर्षी हेच मिठाचे दाणे आले होते, मी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरून बरे केले. द्राक्षबाग असल्याने मोरचूद घरात कायम असतो. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण करतो, १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. टँकला अर्थात चिमूटभर लागतो. चांदीपेक्षा तांबं खात्रीचं, एवढं मी सांगेन. पाहिजे तर थोडा कुरिअर करतो.

हायपोकाका_विरार

ताई, आजचा डोस टाकू नका. बाटली कपाटात ठेवून द्या. माझं पुढचं सगळं रात्री वाचलंत तरी चालेल, आधी एवढं करा.

निम्मं पाणी बदला, म्हणजे ८५ लिटर. त्याला ३ किलोच्या आसपास मीठ लागेल. नवीन पाणी निदान दोन-तीन तास पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून घोळवा आणि क्षारता, तापमान जुळवूनच घाला. ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर जाळीच्या पिशवीत भरून प्रवाहात ठेवा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालूच राहू द्या, हवा मिळते. तीन टर्बो आणि श्रिम्प नवीन कालवलेल्या पाण्याच्या बादलीत हलवा. श्रिम्पला मात्र थेंबाथेंबाने तासभर सवय करून मगच सोडा. पडलेला टर्बो मेलाय की नाही ते नाकाने कळतं. तोंडावरचं झाकण बोटाने हलकं दाबा. आत ओढलं गेलं तर जिवंत आहे. लोंबकळलं आणि कुजका वास आला तर ताबडतोब बाहेर काढा, अमोनिया तिथूनही वाढतो.

उद्या परत निम्मं, परवा परत निम्मं. मीठ बरंच खर्च होईल, पण हात आखडू नका. आकडे खाली देतो, म्हणजे मी एवढं का सांगतोय ते कळेल.

तुमची बाटली ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम चांदी. १०० मिलीतून ५ मिलिग्रॅम गेली. ती १७० लिटरमध्ये पसरली की लिटरमागे २९ मायक्रोग्रॅम होते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने समुद्री जीवांसाठी विरघळलेल्या चांदीची जी तीव्र मर्यादा ठरवली आहे, ती लिटरला १.९ मायक्रोग्रॅम आहे. तुम्ही तिच्या पंधरापट टाकलंय. सगळी चांदी पाण्यात राहत नाही हे खरं. बरीचशी वाळूला, दगडांवरच्या बुळबुळीत थराला चिकटते. पण ती उडून जात नाही आणि कुजूनही संपत नाही. रोजचा डोस आदल्या दिवसाच्या डोसावर चढतो. पूर्ण दहा दिवस टाकलं असतं तर आकडा दुप्पट झाला असता. निम्मं पाणी एकदा बदललं की २९ चे १५ होतात, दुसऱ्यांदा ७, तिसऱ्यांदा ४ च्या खाली. म्हणून तीनदा.

आता चांदीचं. मी गिरगावात फोटो लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली वीस ओल्या डार्करूमची. चांदी आणि मीठ एकत्र आले की काय होतं ते माझ्या बोटांनी पाहिलंय, आमचा सगळा धंदा त्यावरच उभा होता. दहावीच्या प्रयोगशाळेत तुम्हीही पाहिलं असेल. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी घातलं की दह्यासारखा पांढरा साका बसतो आणि उन्हात ठेवला की काळपट पडतो. चांदी क्लोराइड दिसलं की त्याला धरते. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅम क्लोराइड असतं. तिथे एका चांदीला एक नाही, दोन, तीन, चार क्लोराइड चिकटतात. मग ती साक्याच्या रूपात खाली न बसता पाण्यात विरघळूनच राहते, पण झाकलेली. जिवाणू मारणारी मोकळी चांदी उरते अगदी नगण्य. चांदीचे सूक्ष्म कण असले तर खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाला जातात. म्हणजे बाटलीत जे औषध होतं, ते टँकमध्ये पडताच औषध राहिलंच नाही.

घरी बघायचं असेल तर स्वच्छ काचेच्या पेल्यात बाटलीतलं पाव पेला सिल्व्हर घ्या आणि नखावर मावेल एवढं साधं मीठ टाकून ढवळा. अंधारात बाजूने मोबाइलची टॉर्च मारा. बाटलीतलं पाणी आधी रंगहीन असेल तर धुरकट होईल. पिवळसर असेल तर पिवळेपणा जाऊन करडं होईल. पेला नंतर घासून धुवा, पिण्याला परत वापरू नका.

तुम्ही म्हणाल, चांदी झाकली गेली तर गोगलगायी का पडल्या? क्लोराइडमध्ये गुंडाळलेली चांदीही अंगात शिरते. मोठ्या माशाला ती लगेच लागत नाही, समुद्री मासा चांदीला गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा खूप सोसतो. ट्राउटसारखे मासे लिटरला ५ ते ७० मायक्रोग्रॅमला चार दिवसांत निम्मे मरतात. समुद्री माशांना तेवढ्याच वेळात मारायला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून दुकानात लोक म्हणतात, माशाला काही होत नाही. पण लहान जीव तसे नाहीत. शिंपल्यांची पिल्लं, समुद्री साळूचे गर्भ, पाण्यातले बारीक कवचधारी, सूक्ष्म शेवाळ, सगळे चांदीला फार हळवे. तुमची काच स्वच्छ राहिली त्याचा आनंद मानू नका, ताई. तिथलं शेवाळ वाढायचं थांबलंय. टर्बो त्याच काचेवर जेवतात.

दगडांवरचे जिवाणूही तेच. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू चांदीने मंदावतात. मला ०.५ चा आकडा गोगलगायींपेक्षा जास्त घाबरवतो. मरीनचा पीएच ८.२. तिथे अमोनियाचा जो भाग विषारी असतो तो पीएच ७ च्या गोड्या टँकच्या दहापटीच्या आसपास असतो. चांदीतून वाचलेला मासा अमोनियाने जाईल. दिवसातून दोनदा मोजा आणि दोन दिवस खायला अगदी कमी घाला.

माशाच्या आत काय होतं तेही सांगून ठेवतो. कल्ल्यांत मीठ आत-बाहेर करणारा एक पंप असतो, सोडियम-पोटॅशियमचा. चांदी तो अडवते. गोड्या पाण्यातला मासा मग अंगातलं मीठ गमावतो आणि मरतो. समुद्री मासा पाणी पितो, सतत पितो, नाहीतर खाऱ्या पाण्यात सुकेल. त्यामुळे चांदी त्याच्या आतड्यातही पोचते आणि तिथे पाणी शोषायचं काम बिघडवते. हे पाचव्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही.

यातली एक गोष्ट मी स्वतः करून बसलोय. २०१४ साली माझ्याकडे कोरल ब्युटी (एक एंजलफिश) होती, तिच्या डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. मीठ चांदीला मारतं हे मला माहीत होतं. म्हणून मी विचार केला, मीठच नको, आरओ पाण्यात बुडवू. दोन लिटर आरओमध्ये २० पीपीएमचं ५० मिली टाकलं आणि मासा पाच मिनिटं त्यात ठेवला. तेव्हा हिशेब केला नव्हता, नंतर केला. लिटरला ५०० मायक्रोग्रॅम, आणि झाकायला एक कण क्लोराइड नाही. टँकमध्ये परत सोडली तेव्हा ती ठीक पोहली. रात्री दहाला बघितलं तर पावरहेडच्या तोंडाशी, तोंड वर करून उभी. कल्ले इतके उघडे की आतला लाल भाग दिसत होता आणि त्यावर शेंबडासारखा पातळ पांढरा थर. मी रात्रभर खुर्ची टाकून बसलो. पहाटे पाचला गेली. डोळ्याने ती मेली नसती, ताई. ती मी दिलेल्या औषधाने मेली. म्हणून गोड्या पाण्यात चांदी टाकून डिप द्या असा सल्ला कुठे वाचलात तर तो अजिबात ऐकू नका.

आता मूळ आजार. फोटो टाका, पण वर्णन इचचंच आहे, क्रिप्टोकॅरिऑन. तो जिवाणू नाहीच, कातडीच्या खाली घर करून बसणारा परजीवी आहे. कातडीखाली असताना त्याला औषध लागत नाही, तो पाण्यात मोकळा पोहतो तेवढ्याच काळात मरतो. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टबात कॉपर (तांब्याचं औषध) द्यायचं आणि मोठा टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवायचा. श्रिम्प आणि गोगलगायी मोठ्या टँकमध्येच राहतात.

तासगावकर दादा, तुमचं तांबं खात्रीचं हे बरोबर. पण ताईंच्या या टँकमध्ये नको. उरलेले तीन टर्बो आणि श्रिम्प एका दिवसात जातील, शिवाय दगड आणि वाळू तांबं पिऊन ठेवतात आणि महिनोन्‌महिने सोडत राहतात. बागेचा मोरचूदही माशांना देऊ नये, त्यात दुसरं काय आहे ते आपल्याला कळत नाही.

खारंपाणी_डोंबिवली

काका, तुमचा रिप्लाय ऑफिसमधून वाचला आणि अर्धी सुट्टी टाकून घरी आले. दोन वेळा निम्मं पाणी झालं, तिसरं उद्या. मीठ संपलं म्हणून कल्याणहून आणलं. दोन टर्बो गेले होते, वासावरून कळलं. तिसऱ्याचं झाकण दाबल्यावर आत ओढलं गेलं, तो बादलीत आहे. जे तीन पडले नव्हते त्यातला एक आज गेला. अमोनिया ०.२५.

पेल्याचा प्रयोग मुलाने केला. बाटलीतलं अगदी रंगहीन होतं. मीठ टाकून ढवळलं तेव्हा वरून काही दिसेना, पण दिवे घालवून टॉर्च मारली आणि पेल्यात शहाळ्याच्या पाण्यासारखं धुरकट दिसलं. टॉर्चचा पट्टा आरपार दिसत होता. नुसत्या आरओच्या पेल्यात पट्टा दिसतच नव्हता. तो पेला खिडकीत ठेवला होता, आज तळाला करडी धूळ बसलीय. मुलाने ते वहीत लिहून ठेवलं.

दोन प्रश्न. सिल्व्हरने काहीच केलं नाही तर तिसऱ्या दिवशी ठिपके कमी कसे झाले? ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मनाचा खेळ नव्हता. दुसरं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे आहेत माझ्याकडे. तुमच्या नावातच हायपो आहे म्हणून विचारते, त्याने चांदी निघेल का?

हायपोकाका_विरार

मुलाला शाबासकी. टॉर्चच्या पट्ट्याचं त्याने बरोबर पाहिलं. रंगहीन असून मिठाने धुरकट झालं म्हणजे तुमच्या बाटलीत कणांपेक्षा विरघळलेलीच चांदी जास्त होती. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांचं हेच असतं.

ठिपके कमी झाले ते खरंच झाले. इचचा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो. पोट भरलं की स्वतःच गळून पडतो, वाळूत किंवा दगडावर चिकटून कवच करतो आणि आत वाटला जातो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एका कवचातून शेकडो पोरं बाहेर पडतात आणि परत माशावर येतात. तुम्ही डोस सुरू केलात तेव्हा ठिपक्यांचे दिवस भरलेच होते. त्या तीन दिवसांत तुम्ही लसणाचा रस टाकला असता किंवा काहीच टाकलं नसतं, तरी ते कमीच झाले असते. या आजारावर जी जी बाटली विकली जाते तिला गुण येतो तो असा. दुकानदाराने खोटं सांगितलं असंही मी म्हणणार नाही. त्यानेही असेच ठिपके जाताना पाहिले असतील. दुसरी फेरी येते तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, पाणी बिघडलं.

हायपोचं. डार्करूममध्ये फिल्मवर न वापरलेली चांदी हायपोच धुऊन काढतो. वापरलेला हायपो घ्यायला आमच्याकडे महिन्यातून एकदा माणूस यायचा, त्यातून चांदी काढून विकायचा. तेव्हा हायपो चांदीला बांधतो याबद्दल शंकाच नाही. पण बांधलेली चांदी टँकमध्येच राहते, आणि तुम्हाला ती बाहेर हवीय. पाणी बदला आणि कार्बन ठेवा, खडे नकोत. टबात कॉपर सुरू केलंत की तिथे तर हायपो किंवा अमोनिया बांधणारं कुठलंही कंडिशनर अजिबात नको, कॉपरशी त्याचं भांडण होतं आणि मासे मरतात.

टबाचं सांगतो. ४० लिटरचा साधा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. दगड, वाळू काही नाही. वर जाळी लावा, फायरफिश उडी मारतो. क्युप्रामाइनसारखं अमाइनने बांधलेलं कॉपर असेल तर तीन-चार दिवसांत चढवत लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत न्या. साधं कॉपर किंवा चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने घट्ट बांधलेलं) असेल तर आकडा वेगळा, लेबल बघा आणि त्याला जुळणारं किट घ्या. ३० दिवस आकडा खाली येऊ द्यायचा नाही. मला कॉपर बरं वाटतं ते यासाठीच, संध्याकाळी पाच मिनिटांत किटवर कळतं की आपण कुठे आहोत. चांदी मोजायची तर नमुना लॅबला पाठवावा लागतो, तोवर टँकचा निकाल लागलेला असतो.

फाटलेल्या शेपटीला सध्या काही करू नका. पाणी स्वच्छ राहिलं तर ती भरते. पांढरी कड आत आत सरकायला लागली तरच अँटिबायोटिकचा विचार, आणि तोही टबातच.

सनीव्हेलकर

उशिरा वाचतोय, पण एक भर घालावीशी वाटली. मूळचा सोलापूरचा, सध्या कॅलिफोर्नियात.

मी शनिवारी जिथे चालायला जातो तो पालो आल्टोचा खाडीकाठ आहे. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यात बोटाच्या पेराएवढे शिंपले असतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे लोक १९७० च्या दशकापासून या चिखलातले शिंपले गोळा करून त्यातले धातू मोजत आले आहेत. त्या काळात शिंपल्यांच्या अंगात तांबं आणि चांदी दोन्ही प्रचंड होती. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून यायची, आणि चांदीचा मोठा वाटा फोटोच्या धंद्याचा होता. काकांना आश्चर्य वाटणार नाही. शिंपले मेले नव्हते, हे महत्त्वाचं. जिवंत होते, चिखलात बसलेले होते, पण त्यांच्यात अंडी-बीज तयारच होत नव्हतं. केंद्रातली प्रक्रिया सुधारली, धातू उतरले, आणि मग ते परत धरायला लागले.

ताई, हे सांगण्याचं कारण तुमचे वाचलेले टर्बो. चालतायत म्हणजे ठीक आहेत असं लगेच धरू नका, वाळूत आणि दगडांवर थोडी चांदी अजून असणार. नवीन गोगलगायी आणायची घाई नको.

आणि ती बाटली घरात कुणी पोटात घेत नाही ना? इकडे एफडीएने १९९९ सालीच सांगितलं की कोलॉइडल सिल्व्हरची दुकानी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. लोक वर्षानुवर्षं पितात आणि कातडी निळसर करडी होते, ती परत येत नाही. पिंपातल्या नाण्याची मला चिंता नाही, नाण्यातून उतरते ती अत्यल्प. बाटलीची आहे.

बागायतदार_तासगाव

काका, मोरचुदाचं लक्षात ठेवलं. माझ्या टँकमध्ये दगड नव्हते म्हणून निभावलं हे आता कळतंय. मी त्यावेळी मोजलंही नव्हतं. किट मागवतो.

खारंपाणी_डोंबिवली

पाच आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं होतं.

काकांनी सांगितलं तसा टब केला. चारही मासे काढताना दगड सगळे उचलावे लागले, डॅमसेलने दीड तास घेतला. टबात गेल्यावर नवव्या दिवशी दोन्ही क्लाउनवर ठिपके परत आले, आधीपेक्षा जास्त. काकांचं वाचलेलं नसतं तर मी तेव्हा कॉपर बंद करून दुसरी बाटली आणली असती. आकडा ०.५ वर धरून ठेवला, रोज संध्याकाळी मुलगा मोजायचा आणि वहीत लिहायचा. चौदाव्या दिवसानंतर एकही ठिपका नाही. आज ३२ वा दिवस. मोठ्या क्लाउनची शेपटी भरत आलीय, नवीन भाग अजून पारदर्शक आहे, काळी कड यायचीय.

फायरफिश गेला. टबात आल्यापासून तो खातच नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी पाइपमध्ये मेलेला सापडला. चांदी, अमोनिया की पकडताना झालेली धावपळ, कशाने गेला ते सांगता येत नाही. त्याला मी गच्चीवरच्या कुंडीत पुरलं, मुलगा बरोबर होता. त्याला मी सांगितलं की औषध आईने न विचारता टाकलं होतं. त्याने विचारलं, आता विचारशील ना. हो म्हटलं.

दुकानात जाऊन उरलेली बाटली परत दिली आणि पेल्याचा प्रयोग तिथेच काउंटरवर करून दाखवला. त्यांनी दिवा घालवून नीट बघितलं. पैसे परत दिले नाहीत, पण बाटल्या मरीनच्या कपाटातून गोड्या पाण्याच्या कपाटात नेऊन ठेवायला लागले. मी म्हटलं, तिथे तर अजून वाईट. मग ट्राउटचं आणि काकांच्या कोरल ब्युटीचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी बाटल्या काउंटरखाली ठेवल्या. पुढच्या वेळी गेले की बघते कुठे आहेत.

मोठा टँक माशांशिवाय चालू आहे, ७६ मधले ३२ झाले. अमोनिया दहाव्या दिवशी शून्यावर आला आणि तिथेच आहे. टर्बो सहातले तीन उरलेत. श्रिम्पने मधे कात टाकली. ती पांढरी पोकळ कात बघून माझ्या पोटात गोळा आला होता, वाटलं तोच गेला. मग दगडामागून मिशा दिसल्या.

काच चार आठवडे नुसती कोरडी स्वच्छ होती. परवापासून तिच्यावर तपकिरी थर धरायला लागलाय. मी मुद्दाम मॅग्नेट फिरवला नाही. आज सकाळी दिवा लावला तर त्या थरात खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक वाकडीतिकडी स्वच्छ रेघ होती, दोन बोटं रुंद, आणि तिच्या टोकाला टर्बो.